गावचं राजकारण आणि गावाच्या आरोग्याच्या सवयी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या खेड्यांतून आरोग्य, पाणी, दारू, तंबाखू आणि ग्रामपंचायत यांविषयी जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नियम ग्रामपंचायतींचे आहेत. नगरपरिषद किंवा महानगरपालिकेचा नियम वेगळा आणि महत्त्वाचा असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. सवयी ज्याच्या त्याच्या. त्यात ग्रामपंचायतीचा काय संबंध?

डेंग्यूचं उदाहरण घ्या. आरोग्य कर्मचारी घरोघरी सांगतात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा. पण ज्या वस्तीला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी सुटतं, तिथली बाई भरलेलं पिंप ओतून देईल का? डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणजे पाणी साठवण्याची ‘सवय’ कुणा गृहिणीने लावून घेतलेली नाही. कोणत्या वस्तीचा व्हॉल्व्ह कोणत्या दिवशी उघडायचा, या निर्णयाने ती लावली आहे आणि तो निर्णय ग्रामपंचायतीत होतो.

संध्याकाळी चालायला जाण्याचंही तसंच आहे. रस्त्यावर दिवे नसतील तर बायका बाहेर पडत नाहीत. शाळेच्या फाटकाशी टपरी असेल तर पोरं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) लवकर शिकतात. ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. पिण्याचं पाणी, आरोग्य व स्वच्छता, कुटुंबकल्याण, महिला व बालविकास हे त्यांतलेच.

२. कोणती तक्रार कुणाकडे करायची?

चुकीच्या दारात गेल्यामुळे बऱ्याच तक्रारी वाया जातात. नळाचं पाणी, गटार, कचरा आणि दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचं काम. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं, म्हणून तिथली तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि पुढे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जाते. ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचं, त्याची वाट जिल्हा शल्यचिकित्सकाकडे जाते. सरपंचाशी भांडून ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर येत नाही आणि शल्यचिकित्सकाला पत्र लिहून उपकेंद्राची नर्स येत नाही. अंगणवाडीसाठी तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी. परवान्याचं दारूदुकान राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. गुटखा अन्न व औषध प्रशासन आणि पोलिसांकडे.

३. ग्रामसभेत आरोग्याचा विषय कसा मांडायचा?

ऐनवेळी उठून बोललेलं इतिवृत्तात क्वचित येतं. म्हणून विषय आधी विषयपत्रिकेवर आणायचा. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. सूचना सभेच्या सात दिवस आधी निघते, विशेष सभेची चार दिवस आधी. तुमचा अर्ज सूचना निघण्याच्या आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) पोचला पाहिजे. आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या.

ठरावाचा मसुदा स्वतः लिहून न्या. ‘गावात स्वच्छता राखावी’ असा ठराव कुणीही हात वर करून मंजूर करतं आणि त्याचं पुढे काहीच होत नाही. कोणतं काम, कोणत्या ठिकाणी, कोण करणार, किती तारखेपर्यंत आणि कोणत्या निधीतून, या पाच गोष्टी ठरावात असू द्या. सूचक आणि अनुमोदक यांची नावं लागतात, ती आधीच ठरवा. मंजुरीनंतर ठराव क्रमांक वाचून घ्या आणि काही दिवसांनी इतिवृत्ताची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ, उत्तराची मुदत ३० दिवस.

आणखी एक वाट आहे आणि ती फार कमी वापरली जाते. नियमित ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. पाणी, संडास, दारू, अंगणवाडी हे विषय तिथे निवांत बोलून होतात आणि ती मागणी ग्रामसभेत आली की एका माणसाचा हट्ट म्हणून बाजूला सारता येत नाही.

४. दर वेळी गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते आणि नंतर दहा-बारा जणांत ठराव होतात. हे चालतं का?

दुर्दैवाने चालतं. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. १,८०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे २७०, म्हणून तिथे १०० पुरतात. ४०० मतदारांच्या गावात ६० लागतात. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही, मात्र विषय मूळ पत्रिकेवरचेच घेता येतात. काही ठिकाणी मूळ सभा जाणूनबुजून अवेळी ठेवतात, ती यासाठीच. त्यावर इलाज एकच. मूळ सभेला आपली माणसं आणा आणि ते जमलं नाही तर तहकूब सभेची तारीख कळवून घेऊन तिला हजर राहा. नवा विषय त्या सभेत घुसडला गेला तर तिथल्या तिथे लेखी हरकत द्या.

५. ग्रामपंचायत म्हणते, आरोग्यासाठी निधीच नाही. खरं आहे का?

निधी कमी असू शकतो, पण ‘नाही’ हे सहसा खरं नसतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता. त्यातला निम्मा स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पुनर्वापरासाठी. हे पैसे कमानीवर किंवा सभामंडपावर खर्च करता येत नाहीत. तसा खर्च दिसला तर तो लेखापरीक्षणाचा मुद्दा आहे.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्याशिवाय ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. रक्कम लहान आहे, पण क्लोरीन तपासणीचं साहित्य, तातडीच्या रुग्णाचं वाहनभाडं, अंगणवाडीचा वजनकाटा दुरुस्त करणं अशा अडलेल्या कामांना ती पुरते. मागचा खर्च दाखवला नाही की पुढचा हप्ता अडतो. कित्येक गावांत समितीची बैठकच होत नाही आणि पैसे तसेच पडून राहतात.

गावाचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. सभेला जाण्याआधी आपल्या गावाचं पान उघडून कामांची यादी उतरवून घ्या. आकडा हातात असला की चर्चा भावकीवर न जाता कामावर राहते.

६. पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात, तरी गावात जुलाब का होतात?

बहुतेक वेळा पावडर टाकली जाते, पण ती जुनी असते, चुकीच्या मापाने किंवा चुकीच्या वेळी टाकलेली असते.

ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. ओल, ऊन आणि उघडं पोतं यांनी ते झपाट्याने उतरतं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कामाची नाही. आता खरेदीचा हिशोब पाहा. पाणी किती गढूळ आहे त्यावर हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम ताजी पावडर लागते. ५०,००० लिटरच्या टाकीला पाच ग्रॅमच्या मापाने रोज २५० ग्रॅम, महिन्याला साडेसात किलो. २५ किलोचं पोतं तीन महिन्यांहून जास्त पुरतं. तरीही मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून चार-पाच पोती एकदम आणली जातात. ती ग्रामपंचायतीच्या खोलीत पडून राहतात आणि ऐन पावसाळ्यात, गरज सगळ्यांत जास्त असते तेव्हा, हाती येतो नुसता चुना. म्हणून तिमाही खरेदीचा ठराव करा. पोत्यावरची उत्पादनाची तारीख नोंदवा आणि प्रत्येक पोत्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

टाकण्याची रीत अशी. प्लास्टिकच्या बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग बादली भरून ढवळायची आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. खालचा गाळ टाकीत गेला तर व्हॉल्व्ह चोंदतात. त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबून मगच पाणी सोडायचं. पुष्कळ ठिकाणी गडबड होते ती इथेच. वीज उशिरा येते, लोक ओरडतात, कर्मचारी पावडर टाकतो आणि लगेच व्हॉल्व्ह फिरवतो.

तपासणी टाकीजवळ करून उपयोग नाही. ती शेवटच्या नळावर करा. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मिळालं पाहिजे, साथ असेल तर ०.५. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. ओटीचं द्रावण विषारी असतं, म्हणून तपासलेलं पाणी कुणी पिऊ नये, जनावरांनाही पाजू नये. शेवटच्या नळावर रंग येत नसेल आणि टाकीजवळ येत असेल, तर मधे पाइप फुटून गटाराचं पाणी आत ओढलं जात असण्याची दाट शंका घ्या. गटारातून गेलेली नळजोडणी आधी तपासा.

७. आमच्या गावाला लाल कार्ड मिळालं. त्याचा अर्थ काय आणि ते बदलायचं कसं?

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाणी स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. धोका कमी असेल तर हिरवं, मध्यम असेल तर पिवळं आणि जास्त असेल तर लाल कार्ड. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड असून साथ आली नसेल तर चंदेरी. स्रोताभोवतीची घाण, गळकी जलवाहिनी, फुटके व्हॉल्व्ह, टीसीएलचा साठा, नियमित शुद्धीकरण या गोष्टी त्यात पाहतात.

लाल कार्ड लपवून ठेवण्याकडे कल असतो, कारण विरोधी गट त्याचं भांडवल करतो. पण ते ग्रामसभेत वाचून दाखवलं गेलं पाहिजे. कार्डासोबत नेमक्या त्रुटींची यादी मिळते आणि तीच पुढच्या ठरावाचा मसुदा ठरते (प्रश्न ३). बंधित निधी नेमका याच कामांसाठी असतो (प्रश्न ५).

८. घरोघरी संडास आहेत, तरी लोक बाहेर का जातात?

ग्रामीण महाराष्ट्र २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. घर तेथे शौचालय यासाठी १२,००० रुपयांचं प्रोत्साहन मिळालं. बांधकाम मोजलं गेलं, वापर कमी मोजला गेला. वापर अडतो त्याची कारणं बहुधा पाणी आणि खड्डा हीच असतात.

‘खड्डा लवकर भरेल’ या भीतीने घरातले पुरुष बाहेर जातात आणि संडास बायका-म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवतात. खड्डा साधारण एक मीटर व्यासाचा आणि सव्वा मीटर खोल असेल, तर पाच-सहा माणसांच्या घरात तो भरायला काही वर्षं लागतात. दोन खड्डे आणि मधे वाय जोडणी असेल तर एक भरल्यावर वाट बदलायची आणि भरलेला खड्डा वर्ष-दोन वर्षं बंद ठेवायचा. नंतर निघतं ते कोरडं, वास नसलेलं खत. पण पुष्कळ ठेकेदारांनी एकच खड्डा केला, किंवा दुसरा केला पण जोडला नाही. ग्रामसभेत मागणी करायची ती या दुसऱ्या खड्ड्याची. सेप्टिक टाकीवाल्यांसाठी दोन-चार गावांनी मिळून उपसा टँकरचा दर ठरवावा. माणसाला टाकीत उतरवणं कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात जीव जातात.

ग्रामपंचायत सदस्यासाठी घरी शौचालय असणं आणि ते वापरणं ही कायद्यातली अट आहे. नसेल तर अपात्रतेचा अर्ज होतो. या अटीने निदान पुढाऱ्यांच्या घरी संडास आले, हे मान्य केलं पाहिजे.

९. डासांसाठी फवारणीची मागणी करावी का?

धूरफवारणी दिसते, आवाज करते, म्हणून निवडणुकीच्या आधी ती हमखास होते. तिने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या राहतात आणि आठवड्याभरात नवी पिढी उडते. साथ चालू असेल तर फवारणी योग्य, पण वर्षभराचा इलाज म्हणून ती कुचकामी आहे.

सांडपाण्याच्या डासांवर शोषखड्डा चांगला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं संपवली आणि डास कमी केले. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-खडी आणि मोरीकडून येणाऱ्या पाण्याला जाळी. ही जाळी आठ-पंधरा दिवसांनी साफ केली नाही तर साबणाचा थर आणि खरकटं खड्ड्याची तोंडं बंद करतं. काळ्या चिकण मातीत पाणी हळू मुरतं, तिथे खड्डा मोठा करावा लागतो. काम रोजगार हमीतून घेता येतं.

साठवलेल्या पाण्यातल्या एडिसचा प्रश्न मात्र शोषखड्ड्याने सुटत नाही. त्यासाठी पिंपाला घट्ट झाकण किंवा कापड, मोठ्या हौदात गप्पी मासे आणि पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर कमी करणं (प्रश्न १).

१०. परवान्याचं दारूदुकान मतदानाने बंद करता येतं म्हणतात. नेमकं कसं?

येतं. मार्च २००८च्या शासन आदेशानुसार गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हावं म्हणून ‘आडवी बाटली’, चालू राहावं म्हणून ‘उभी बाटली’. शहरात हीच प्रक्रिया प्रभागात होते.

फसगत होते ती आकड्यात. निम्म्याहून जास्त मतं लागतात ती एकूण मतदारांच्या, झालेल्या मतदानाच्या नव्हे. समजा निवेदन महिलांचं आहे आणि गावात ८०० महिला मतदार आहेत. सह्या २०० हव्यात, आडव्या बाटलीला ४०१ मतं. ६०० जणींनी मतदान केलं आणि ३९० विरुद्ध २१० असा स्पष्ट कौल आला, तरी दुकान चालूच राहतं. घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या पारड्यात मोजली जाते.

म्हणून तयारी मतदार यादीपासून सुरू करा. मृत, लग्न होऊन गेलेल्या आणि दुबार नावांनी एकूण आकडा फुगतो आणि लागणारी मतं वाढतात. ही नावं आधी रीतसर वगळून घ्या. ऊसतोडीला बायका जात असतील तर दिवाळीनंतर थेट मार्च-एप्रिलपर्यंत मतदान नको, तशी लेखी विनंती करा. सह्या घेताना यादीतला अनुक्रमांक लिहून घ्या, म्हणजे पडताळणीत बाद होणार नाहीत. २५ टक्क्यांवर न थांबता जास्तीच्या सह्या ठेवा.

हातभट्टीसाठी मतदान लागत नाही. ती बेकायदाच आहे. पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाला तारीखवार तक्रार द्या.

११. दारूबंदी झाली की पिणं थांबतं का?

आपोआप नाही. वर्धा जिल्ह्यात १९७५पासून आणि गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५मध्ये बंदी आली आणि २०२१मध्ये शासनाने ती उठवली. अवैध विक्री या सगळीकडे झाली. गावात बंदी टिकते ती दुकान बंद झाल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत महिला गट, पोलीस पाटील आणि तंटामुक्ती समिती सोबत राहिली तर. आणि ज्याला व्यसन आहे त्याला उपचार हवेत. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हात थरथरणं, भास, फिट असा जीवघेणा त्रास होऊ शकतो. दुकान बंद होण्याच्या तारखेआधी अशा माणसांची यादी आशाताईंना देऊन रुग्णालयात सोय करून ठेवावी. आंदोलनाच्या घाईत नेमकं हेच राहून जातं.

१२. शाळेजवळची पानटपरी सरपंचाच्या भावाची आहे. काय करता येईल?

२००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या (सुमारे ९१ मीटर) आत तंबाखूविक्रीला आणि कुठेही १८ वर्षांखालील मुलांना विक्रीला मनाई आहे. दंड २०० रुपयांपर्यंत. एवढ्या दंडाने टपरी हलत नाही, हे उघड आहे. गुटख्यावर राज्यात २०१२पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी आहे, तिची शिक्षा बरीच कडक.

खरी किल्ली जागेची आहे. टपरी ग्रामपंचायतीच्या जागेवर असेल तर ते अतिक्रमण आहे आणि ते काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. गाळा भाड्याचा असेल तर भाडेकरारातच ‘तंबाखूजन्य पदार्थ विकल्यास करार रद्द’ अशी अट घालण्याचा ठराव करा. नाव कुणाचंच घेऊ नका, अट सगळ्या गाळ्यांना लावा. एका टपरीवर बोट ठेवलं की विषय भावकीचा होतो. शाळेपासून पिवळी रेघ आखायचं काम मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून करून घ्या.

१३. महिला सरपंच असली की आरोग्याची कामं जास्त होतात का?

महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा २०११पासून महिलांसाठी राखीव आहेत. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या राखीव पंचायतींचा अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध केला. तिथे महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केल्याचं दिसलं. हे अपेक्षितच आहे, पाण्याचे हेलपाटे ज्या घालतात त्यांना त्याची किंमत ठाऊक असते. पण कारभार नवरा बघत असेल तर त्या अपेक्षेला अर्थ उरत नाही. सभेत तिच्या खुर्चीवर तीच बसली पाहिजे, आणि इतिवृत्तात प्रत्यक्ष हजर असणाऱ्याचंच नाव आलं पाहिजे, हा आग्रह सदस्यांनी धरावा.

१४. आमची वस्ती विरोधी गटाची, म्हणून पाणी मुद्दाम कमी सोडतात. सिद्ध कसं करायचं?

निदान महिनाभर नोंद ठेवा: तारीख, पाणी आलं ती वेळ, गेलं ती वेळ, एका नळाला वीस लिटरचा हंडा भरायला लागलेली मिनिटं. दुसऱ्या वस्तीतल्या एका नळाचीही तशीच नोंद हवी. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर आहे, त्याच्याशी ताडून पाहा. हा तक्ता घेऊन गटविकास अधिकाऱ्याकडे जा. उंचावरच्या वस्तीला दाब कमी पडणं हे तांत्रिक कारणही असू शकतं, ते नाकारू नका. तसं असेल तर वेगळा व्हॉल्व्ह किंवा वेगळी वेळ मागा.

जातीवरून सार्वजनिक पाणी अडवलं जात असेल तर ती प्रशासकीय तक्रार राहत नाही, तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. थेट पोलीस ठाण्यात जा.

१५. आचारसंहिता लागली की टीसीएल, फवारणी, नळदुरुस्तीही बंद, असं सांगतात. बरोबर आहे का?

नाही. आचारसंहितेत नव्या योजना जाहीर करता येत नाहीत आणि नवी कामं सुरू करता येत नाहीत. पाणीशुद्धीकरण, फुटलेली जलवाहिनी, साथनियंत्रण, लसीकरण ही नियमित कामं चालूच राहतात. सदस्यांची मुदत संपून प्रशासक आला असेल तरी हे काम त्याच्यावर असतं.

१६. तिसरं मूल झालं तर सरपंचपद जातं. जुळी झाली तर?

१२ सप्टेंबर २००१नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झालेली व्यक्ती सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरते. एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात जुळी किंवा तिळी झाली, तर त्या बाळंतपणाची मुलं मिळून एकच धरतात. अट पुरुष आणि स्त्री दोघांनाही आहे, तरी तिचा भार बाईच्या अंगावर पडतो: पद वाचवण्यासाठी उशिराने, लपूनछपून गर्भपात, किंवा बाळंतपणाची नोंदच न करणं. नोंद टळली की बाळाचं लसीकरण आणि आईची तपासणीही टळते. अशा बाईपर्यंत आशाताई आणि नर्सने पोचावं आणि घरी होणारी चर्चा चावडीवर नेऊ नये. कायदेशीर गर्भपात फक्त मान्यताप्राप्त केंद्रातच करावा, प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची माहिती मिळते.

१७. आमचं गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रात) आहे. वरचे सगळे नियम तसेच लागू होतात का?

पाणी, टीसीएल, संडास यांचं तंत्र तेच. पण अधिकारात मोठा फरक आहे. अनुसूचित क्षेत्रात पाडा किंवा पाड्यांचा समूह स्वतःचं गाव जाहीर करून घेऊ शकतो आणि त्याची स्वतंत्र ग्रामसभा भरते, त्यामुळे दूरच्या मुख्य गावात बहुमत जुळवत बसावं लागत नाही. मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यावर निर्बंध घालण्याचा अधिकार पेसा कायद्याने ग्रामसभेला दिला आहे, म्हणून दारूबाबत प्रश्न १०च्या मतदानाची वाट पाहण्याआधी ग्रामसभेचा ठराव करून तो उत्पादन शुल्क अधीक्षकांना पाठवावा. मोहाची फुलं गोळा करणं आणि विकणं हे गौण वनोपजात येतं. ठराव दारूविरुद्ध लिहा, मोहाविरुद्ध नको, नाहीतर बायकांचं हंगामी उत्पन्नच बुडतं. आदिवासी उपयोजनेतून पेसा ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या ५ टक्के अबंध निधीत आरोग्य आणि स्वच्छता हे खर्चाचे मान्य विषय आहेत. हा खर्च ग्रामसभेच्या आराखड्यानुसारच व्हावा लागतो.